कानोचा हरमॅटन: धूळ कशी ओळखायची, कशी मोजायची आणि घराबाहेर कशी ठेवायची

उत्तर नायजेरियातल्या कानोला नोकरीसाठी निघालेला माणूस आधी मलेरियाची चौकशी करतो, मग विजेची, मग तूरडाळ मिळते का त्याची. हवेचं कोणी विचारत नाही. मग डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी समोरची इमारत दिसेनाशी होते, गाडीच्या काचेवर पिठूळ थर बसतो आणि घरी फोन जातो, ‘इथे काय धुकं पडलंय!’ धुक्यात ओल असते. इथे नाकाच्या आतली कातडी तडकायला लागलेली असते. ही सहाराची धूळ. ती आणणाऱ्या ईशान्येच्या कोरड्या वाऱ्याला हरमॅटन म्हणतात.

बोम्पाई, शाराडा, चलावा या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या आणि कुटुंब आणू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहिलं आहे. घानातल्या तामाले, नायजेरियातल्याच मैदुगुरी किंवा नायजरमधल्या नियामेला जाणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त तारखा थोड्या पुढेमागे होतील.

आधी वर्ष समजून घ्या

आपल्या डोक्यातले उन्हाळा-पावसाळा-हिवाळा इथे जसेच्या तसे बसत नाहीत. हौसा लोक कोरड्या काळाला एकूण ‘रानी’ म्हणतात आणि त्यातले तुकडे वेगळे पाडतात. कानोतलं नियोजन त्याच तुकड्यांवर करावं.

हुंतुरू म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हाच हरमॅटनचा काळ. पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहून खाली, आणि दुपारी २८-३० होतो. हवेतली आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्याही खाली जाते. मुंबईकराला आधी तापमान सुखद वाटतं. त्रास देतो तो कोरडेपणा.

बाझारा म्हणजे मार्च ते मे. एप्रिलमध्ये दुपारचं तापमान ३८-४० अंश असतं. विदर्भातला माणूस या उकाड्याला हसेल, पण इथे मार्चमध्ये धुळीचे दिवसही चालूच असतात, म्हणजे खिडकी उघडावी तर धूळ आणि बंद करावी तर भट्टी. माझ्या मते कानोच्या वर्षातला सगळ्यात अवघड काळ हाच, डिसेंबर नव्हे.

दामिना हा पावसाळा, जून ते सप्टेंबर. ऑगस्टमध्ये सर्वात जास्त पाऊस. मोसमी ओल गिनीच्या आखाताकडून, म्हणजे नैर्ऋत्येकडून येते, पण वादळी पाऊस मात्र पूर्वेकडून चालून येतो आणि अनेकदा त्याच्या पुढे तांबड्या धुळीची भिंत असते. मे-जूनमध्ये पूर्वेचं आभाळ काळंतांबडं दिसलं की दोरीवरचे कपडे काढायला फार वेळ मिळत नाही. पाऊस स्थिरावला की हवा वर्षातली सर्वात स्वच्छ असते.

शेवटचा ‘काका’, सुगीचा काळ, पाऊस संपल्यापासून थंडी लागेपर्यंत. घराची तयारी याच ऑक्टोबरात उरकायची. नोव्हेंबरात सगळेच धावपळ करतात आणि बाजारात गाड्यांचे फिल्टरसुद्धा महाग होतात.

धूळ येते कुठून

हे फक्त कुतूहल म्हणून सांगत नाही. यातूनच एक-दोन दिवस आधीची सूचना हाती लागते. कानोच्या ईशान्येला हजार-बाराशे किलोमीटरवर, चाड देशात, बोडेले नावाचा खोलगट प्रदेश आहे. एके काळी तिथे प्रचंड तळं होतं, आजचं चाड सरोवर हा त्याचा उरलेला तुकडा. तळ्याच्या तळाशी साठलेला डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाच्या कवचांचा पांढरट, हलका गाळ आता उघडा पडला आहे. तिबेस्ती आणि एनेदी या दोन डोंगररांगांच्या मधल्या खिंडारातून वारा चेपला जातो, वेग घेतो आणि हा गाळ उचलतो. जगात सर्वात जास्त धूळ उडवणाऱ्या जागांत बोडेलेची गणना होते.

त्या बाजूला वारा सुटला की धूळ कानोपर्यंत यायला साधारण एक ते दीड दिवस लागतो. वाटेत जड कण खाली पडतात, म्हणून कानोत येते ती बारीक, पिठासारखी धूळ. ती डोळ्यांत वाळूसारखी खुपत नाही, त्यामुळे तिचं फारसं काही वाटत नाही. फुप्फुसात खोल जाते ती हीच.

शिवाय गावचा स्वतःचा धूर आहेच. जनरेटर, पेटवलेला कचरा, लाकडाच्या चुली, डिझेलचे ट्रक, कच्च्या रस्त्यांचा फुफाटा. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच अडकते, आणि हा धूर पहाटेपर्यंत गल्लीतच साचून राहतो. म्हणून आभाळ निळं असूनही सकाळी सहाला घसा खवखवतो. हा दोष सहाराचा नाही.

आता मोजणी: फोनच्या आकड्यावर विसंबू नका

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कानोत हवेची प्रत नजरेने मोजायला शिका. त्याला तीन कारणं आहेत.

एक, मोजणी केंद्रं फार कमी. ॲप जो आकडा दाखवतं तो बऱ्याचदा उपग्रह आणि संगणकाच्या गणितातून काढलेला अंदाज असतो, तुमच्या गल्लीतली मोजणी नव्हे.

दोन, घरी ठेवायचे स्वस्त लेझर सेन्सर धुरासाठी ठीक असतात, पण वाळवंटी धुळीतले जाड कण त्यांना नीट दिसत नाहीत. पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा ते धुळीच्या दिवशी बराच कमी दाखवतात.

तीन, एक्यूआय (हवेच्या प्रतीचा निर्देशांक) म्हणजे कोणाचा एक्यूआय? हवेत पीएम २.५ चं, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय मोजपट्टीवर ते १०० येतं आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या वर जाते, शेरा ‘आरोग्यास अपायकारक’. परदेशी ॲप सहसा अमेरिकी पट्टी वापरतात, त्यामुळे पुण्याच्या आकड्याशी कानोचा आकडा ताडायचा असेल तर मूळ मायक्रोग्रॅम बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली चोवीस तासांची मर्यादा पीएम २.५ साठी १५ आणि पीएम १० साठी ४५ आहे. हरमॅटनच्या दाट दिवशी ती कित्येक पटींनी ओलांडली जाते.

तेव्हा पुढची पद्धत वापरा.

पहिली पायरी, खुणा ठरवा. पावसाळा संपल्यावरच्या एखाद्या स्वच्छ दिवशी गच्चीवर जा. अंदाजे ५०० मीटर, १ किलोमीटर, २ किलोमीटर आणि ५ किलोमीटरवरच्या चार ठळक खुणा निवडा: मशिदीचा मिनार, मोबाइलचा टॉवर, पाण्याची उंच टाकी, कारखान्याची चिमणी. जुन्या शहराजवळ राहत असाल तर दाला टेकडी उत्तम. फोनवरच्या नकाशात अंतर मोजून घ्या आणि चारही खुणांची यादी गच्चीच्या दाराजवळ भिंतीवर चिकटवा.

दुसरी पायरी, रोज एकाच वेळी बघा. सकाळी आठ ही वेळ बरी, कारण शाळा-कामाचा निर्णय तेव्हाच घ्यायचा असतो. सूर्याच्या दिशेला बघू नका, धूळ आहे त्यापेक्षा दाट वाटते. सकाळी वाईट असलेली हवा दुपारनंतर बऱ्याचदा थोडी उघडते. दुपारीही उघडली नाही, तर बाहेरून मोठा लोट आला आहे असं समजा.

तिसरी पायरी, विमानतळाचं निरीक्षण ताडून बघा. कानोच्या मल्लम अमीनू कानो आंतरराष्ट्रीय विमानतळाचा संकेत इंग्रजी अक्षरांत डी-एन-के-एन. हा संकेत आणि ‘मेटार’ असं शोधलं की विमानचालकांसाठीचं हवामान-निरीक्षण फुकट मिळतं. त्यातला चार आकडी गट म्हणजे मीटरमधली दृश्यता: ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा अधिक, ०८०० म्हणजे आठशे मीटर. पुढे एच-झेड असेल तर धूसर, डी-यू असेल तर सर्वदूर धूळ. त्यातली वेळ जागतिक असते, कानोची वेळ तिच्या एक तास पुढे.

चौथी पायरी, पुढचे दोन दिवस. युरोपच्या कोपर्निकस सेवेचा आणि बार्सिलोनाच्या धूळ-अंदाज केंद्राचा नकाशा रोज निघतो. त्यात कानोवर काय दाखवलंय हे बघण्याआधी बोडेलेवर काय दाखवलंय ते बघा. तिथे गडद पट्टा उठलेला दिसला आणि तो नैर्ऋत्येकडे सरकत असला की उद्या-परवा तुमची पाळी. नायजेरियाची हवामान संस्था, जिला सगळे निमेट म्हणतात, धुळीच्या पूर्वसूचना देते. तिच्या भाषेत ‘दाट धूळ’ म्हणजे दृश्यता एक किलोमीटरच्या आत.

मग ठरवायचं काय? मी असा ठोकताळा मानतो. पाच किलोमीटरची खूण दिसतेय तर नेहमीसारखं वागा. ती गेली पण दोनची दिसतेय, तर धावणं-खेळणं घरात, आणि दमेकऱ्याने इन्हेलर खिशात ठेवावा. दोनची गेली की बाहेर मास्क, घरात खिडक्या बंद. एक किलोमीटरचीही दिसेना, तर लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि दमा-हृदयविकार असलेले घरात. गावाबाहेरचा प्रवास रद्द. हे कुठलं सरकारी कोष्टक नाही. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने प्रत्येक पायरी एक घर आधीच धरावी.

एक खोली जिंका

अख्खं घर धूळमुक्त करायच्या भानगडीत पडू नका, ते होत नाही. झोपायची एक खोली निवडा, शक्यतो ईशान्येकडे खिडकी नसलेली. दिवसातले आठ-नऊ तास तिथे जातात, तेवढी हवा चांगली मिळाली तरी शरीर सावरतं.

कानोतल्या जुन्या घरांना आडव्या काचपट्ट्यांच्या खिडक्या असतात. त्या पूर्ण मिटल्या तरी फटी राहतात. आतून जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, दाराच्या चौकटीला फोमची पट्टी आणि उंबऱ्याशी जुन्या चादरीची गुंडाळी. स्वयंपाकघर किंवा गॅस गिझर असलेली न्हाणी मात्र अशी कधीही बंद करू नका.

आणि बंद केलेल्या खोलीत कोळशाची शेगडी नको. हुंतुरूच्या रात्री ऊब म्हणून शेगडी आत घ्यायचा मोह होतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. जनरेटरचंही तेच: गॅलरीत नको, जिन्याखाली नको, खिडकीपासून शक्य तेवढा लांब.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं असेल तर साधा हिशेब करा. बारा फूट बाय दहा फूट आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. तासाला ती पाच वेळा गाळली जावी, म्हणजे यंत्राची क्षमता तासाला निदान १७० घनमीटर हवी. वीज जाणारच, तेव्हा ते इन्व्हर्टरवर चालेल असं बघा. छोटी यंत्रं पन्नासेक वॅटच्या आतच खातात. इथे फिल्टर छापील मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. पुढची जाळी दर आठवड्याला धुता येणारी असावी, आणि मुख्य फिल्टरचा एक जोड येतानाच बॅगेत आणावा.

ओल वाढवायला वाफारा उडवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र आणू नका. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात हवेत सोडतं, म्हणजे धूळ आपणच तयार करायची. त्यापेक्षा धुतलेले कपडे रात्री झोपायच्या खोलीतच वाळत घाला. बाहेर वाळवले तर तसेही मळतात, आणि आत घातले की सकाळपर्यंत कडक वाळून खोलीला ओल देऊन जातात. हरमॅटन गेल्यावर ही सवय सोडायची, नाहीतर बुरशी येते.

झाडू बंद. केर काढायचा तो ओल्या फडक्याने, लादी पुसूनच. अंगणात सकाळी सडा घालायचा, पण पाणी विकत घ्यावं लागत असेल तर कपडे धुतलेलं पाणी वापरा. ‘मै रुवा’, म्हणजे हातगाडीवरून कॅन आणणारा पाणीवाला, हरमॅटनमध्ये तुमच्या आधी दहा घरांचा असतो. छतावरच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना बघा. डाळ-तांदूळ झाकणाच्या डब्यांत ठेवा: धुळीसाठी तर हवंच, पण कोरड्या महिन्यांत नायजेरियात लासा ताप वाढतो आणि तो उंदरांमार्फत पसरतो.

मार्च-एप्रिलमध्ये नागपूरसारखा कूलर इथे झकास चालतो, हवा तेवढीच कोरडी असते. पण कूलर बाहेरची हवा आत ओढतो. दोन किलोमीटरची खूण न दिसणाऱ्या दिवशी तो बंद, पंखा चालू.

एक शेजारधर्माची गोष्ट. गेटवरचा पहारेकरी, ‘मै गादी’, पहाटे गारठून लाकडं-पुठ्ठे पेटवून बसतो आणि तो धूर थेट तुमच्या खिडकीत येतो. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, त्याला खरंच थंडी वाजते. नोव्हेंबर लागताच एक जाड जॅकेट आणि घोंगडी द्या आणि ‘मल्लम’ अशी हाक मारून शेकोटी फाटकापलीकडे करायला सांगा. यंत्रापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.

शरीर

मास्क एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा, आणि कडेने हवा शिरणार नाही असा. दाढीवर तो नीट बसत नाही. स्थानिक लोक तोंडाभोवती फेटा गुंडाळतात, त्याने जाड धूळ अडते आणि नाक ओलसर राहतं, बारीक कण अडत नाहीत. कानोची तीनचाकी, जिला ‘आदैदैता साहू’ म्हणतात, बहुतेक वेळा आपल्या पुण्याच्या बजाजचीच निघते. ओळखीची वाटली तरी दोन्ही बाजूंनी उघडी, तेव्हा तिच्यात बसताना मास्क लावा.

नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा आणि नाकपुडीच्या कडेला व्हॅसलिनचा बारीक हात. जलनेती करणाऱ्यांनी उकळून गार केलेलंच पाणी घ्यावं. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरा. ओठ, टाचा, हातांसाठी बाजारात ‘मान कादान्या’ मागा. हे शिया झाडाच्या बियांचं लोणी, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोळायचं. कॉन्टॅक्ट लेन्स या चार महिन्यांत पेटीतच राहू द्या.

दमा असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लेखी आराखडा घ्या: रोजचा इन्हेलर किती, त्रास वाढला तर किती, कुठल्या टप्प्यावर दवाखाना. हरमॅटन सुरू झाल्यावर रोजचं औषध ‘बरं वाटतंय’ म्हणून थांबवू नका.

मेंदूज्वराचा, म्हणजे मेनिन्जायटिसचा, मुद्दा गंभीर आहे. कानो आफ्रिकेच्या मेनिन्जायटिस पट्ट्यात येतं आणि तिथे साथी कोरड्या, धुळीच्या महिन्यांतच येतात, पाऊस पडला की ओसरतात. जोराचा ताप, प्रचंड डोकेदुखी, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, गुंगी: यातलं काही एकत्र दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांवरची लस भारतात मिळते, निघण्याच्या काही आठवडे आधी घ्या. या पट्ट्यात २०१० पासून ए प्रकाराची साथ ज्या लसीने आटोक्यात आणली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. एक्स प्रकारही धरून पाच प्रकारांवर चालणारी नवी लसही तिचीच, आणि ती एप्रिल २०२४ मध्ये जगात सर्वप्रथम नायजेरियाने वापरात आणली.

प्रवास आणि यंत्रं

डिसेंबर ते फेब्रुवारीत कानोची विमानं उशिरा सुटतात, रद्द होतात, कधी दुसरीकडे उतरतात. नेमकी तेव्हाच महाराष्ट्रात लग्नसराई. आदल्या दिवशी पोचायचं तिकीट काढू नका, तीन दिवसांची मोकळीक ठेवा, आणि आदिस अबाबा किंवा कैरोमार्गे जाणार असाल तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान चुकलं तरी पुढची सोय करणं कंपनीवर राहतं. पीतज्वराच्या लसीचं मूळ कार्ड हाताशी ठेवा. ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि कार्ड आता आयुष्यभर चालतं.

झारिया-कादुना रस्त्यावर धुळीत गाडी चालवावीच लागली तर दिवसाही मंद झोताचे दिवे लावा. प्रखर झोत धुळीवरून उलटा डोळ्यांत येतो. गाडी आणि जनरेटर दोन्हीचा एअर फिल्टर या काळात दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. एसीची जाळी आठवड्याला धुवा. सौर पॅनेल पहाटे, काच गार असताना पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. कोरडं फडकं घासू नका, चरे पडतात.

पाऊस आल्यावर

पहिल्या दोन-तीन वळवांनंतर खिडक्यांचं प्लास्टिक काढा, जाळ्या धुवा, पन्हाळी आणि गच्चीच्या मोऱ्या मोकळ्या करा. वर्षभराच्या धुळीचा चिखल त्यांत घट्ट बसलेला असतो आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी छतातून खाली येतं. धुतलेल्या जाळ्या डासांसाठी लगेच परत बसवा, कारण मलेरियाचा जोर पावसाच्या उत्तरार्धापासून सुगीपर्यंत असतो. साथीचा हगवण-कॉलराही याच काळात, तेव्हा पिण्याचं पाणी उकळूनच. काढलेलं प्लास्टिक चांगलं असेल तर पुसून, कोणत्या खिडकीचं ते वर लिहून, गुंडाळून ठेवा. ऑक्टोबरात ते परत लागणार आहे.